शेवटचा डोस कितव्या आठवड्यात? पिल्लाच्या लसीकरणाच्या तारखा अशा ठरवा

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एकूण किती इंजेक्शनं?" त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा पिल्लाचं वय किती होतं? कार्डावर तीन स्टिकर चिकटवलेले असतात, घरातले निश्चिंत असतात, आणि साडेतीन महिन्यांचं पिल्लू रक्ताचे जुलाब करत दवाखान्यात येतं. कार्ड उघडून दिवस मोजले की कारण सापडतं. पहिला डोस पाचव्या आठवड्यात, दुसरा सातव्या, तिसरा दहाव्या. डोस तीन झाले खरे, पण फार लवकर उरकले. पार्वो, डिस्टेंपर आणि कुत्र्यांचा हिपॅटायटिस या तिन्ही रोगांवरच्या लसीचा शेवटचा डोस पिल्लाचे १६ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचा असतो. ही तारीख आधी कॅलेंडरवर लिहायची आणि बाकीच्या तारखा तिच्यापासून मागे मोजत यायच्या.

आईचा चीक लसीच्या आड कसा येतो

जन्मल्यानंतर पिल्लू आईचा जो चीक पितं, त्यातून आईच्या अंगातली प्रतिकारद्रव्यं त्याच्या रक्तात उतरतात. पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त, आणि एक दिवस उलटला की आतडं ती आत घेणंच थांबवतं. पहिले काही आठवडे पिल्लू या शिदोरीवर तगतं. पण लसीलाही तीच अडवते. पार्वो-डिस्टेंपरच्या लसीत जिवंत पण कमकुवत केलेला विषाणू असतो. तो अंगात थोडाफार वाढला तरच शरीर त्याला ओळखून स्वतःची तयारी करतं. आईकडून आलेली द्रव्यं भरपूर असतील तर ती त्याला वाढूच देत नाहीत. सुई टोचली जाते, पैसे जातात, स्टिकर लागतो आणि आत काहीच घडत नाही.

ही शिदोरी साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होत जाते. सुरुवातीला किती मिळाली हे मात्र प्रत्येक पिल्लाचं वेगळं. एकाच वेतातल्या सहा पिल्लांपैकी जे धट्टंकट्टं सगळ्यांत आधी सडाला लागलं त्याची द्रव्यं चौदा-पंधरा आठवडे टिकू शकतात, आणि कोपऱ्यात ढकललं गेलेल्या अशक्त पिल्लाची सहाव्या आठवड्यातच संपतात. बाहेरून बघून हे कुणालाच सांगता येत नाही. मधे काही दिवस असेही येतात की द्रव्यं लसीला अडवण्याइतकी शिल्लक असतात, पण रस्त्यावरच्या खऱ्या पार्वोला अडवण्याइतकी उरलेली नसतात. सर्वांत जास्त पिल्लं याच दिवसांत दगावतात.

म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यायची. ज्याला सगळे 'बूस्टर' म्हणतात तो या वयात खरं तर पुन्हा केलेला प्रयत्न असतो. आधीचा डोस लागू पडला असेल तर उत्तम. नसेल तर हा पडेल, आणि हाही नाही तर सोळाव्या आठवड्यानंतरचा बहुतेक पिल्लांत नक्की पडतो. ही एक गोष्ट ध्यानात आली की "आधीचे तीन झालेत, आता चौथा कशाला?" हा प्रश्न राहत नाही.

आधी जन्मतारीख पक्की करा

पिल्लू ओळखीच्या घरातून आणलं असेल तर जन्मतारीख विचारून कार्डावर लिहून घ्या. विकणारा "दोन महिन्यांचं आहे" म्हणाला तर ते जसंच्या तसं धरू नका. पाच आठवड्यांचं पिल्लू दोन महिन्यांचं म्हणून हातात पडणं अगदी नेहमीचं आहे. जुळे सोलापुरात बांधकामाच्या खडीवर किंवा होटगी रोडला गटाराच्या कडेला सापडलेल्या पिल्लाची तर तारीख सांगणारं कुणीच नसतं. अशा वेळी दात बघायचे.

पिल्लाला मांडीवर घ्या, अंगठ्याने वरचा ओठ हळूच उचला. हिरड्या नुसत्याच गुळगुळीत असतील तर वय तीन आठवड्यांच्या आत. टोकदार सुळे नुकते वर आलेले दिसले तर तीन-चार आठवडे. पुढचे बारीक दात, तांदळाच्या दाण्यासारखे, चार ते सहा आठवड्यांत दिसू लागतात. दाढा धरून सगळे २८ दुधाचे दात आठव्या आठवड्याच्या सुमारास भरलेले असतात. त्यानंतर बराच काळ तोंडात काही बदलत नाही, म्हणून दोन आणि तीन महिन्यांतला फरक दातांवरून ओळखणं अवघड. पण पुढच्या ओळीतले मधले दोन दात पडून फट दिसत असेल, किंवा तिथं रुंद, पांढरेशुभ्र नवे दात डोकावत असतील, तर पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचं धरायला हरकत नाही. कायमचे सुळे पाच-सहा महिन्यांना येतात.

अंदाज दोन आकड्यांत घुटमळत असेल तर लस सुरू करताना जास्त वय धरा आणि शेवटचा डोस ठरवताना कमी वय. म्हणजे सुरुवात उशिरा होत नाही आणि शेवट घाईत होत नाही.

तारखा मांडून बघा

समजा पिल्लू १ डिसेंबर २०२५ ला जन्मलं.

१२ जानेवारी: सहा आठवडे. पहिला डोस. बहुतेक दवाखान्यांत या वयाला 'पपी डीपी' देतात, म्हणजे फक्त डिस्टेंपर आणि पार्वो.

२ फेब्रुवारी: नऊ आठवडे. आता सेव्हन इन वन किंवा नाईन इन वन. यात लेप्टोस्पायरोसिसची लस पहिल्यांदा येते.

२३ फेब्रुवारी: बारा आठवडे. नाईन इन वन पुन्हा, आणि अँटी-रेबीजचा पहिला डोस. दोन्ही एकाच दिवशी, वेगवेगळ्या जागी दिलेले चालतात. एकाच दिवशी द्यायचे नसतील तर दोन लसींमध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. तीन-चार दिवसांच्या फरकाने देऊ नका.

२३ मार्च: सोळा आठवडे. या डोसावाचून वर केलेलं सगळं अधांतरी राहतं. रेबीजचा दुसरा डोसही याच दिवशी घेता येतो.

१ जून: सव्वीस आठवडे, म्हणजे सहा महिने. सोळाव्या आठवड्यानंतरही थोड्या पिल्लांत आईची द्रव्यं उरलेली असतात. त्यांच्यासाठी हा डोस. पूर्वी यासाठी वर्षभर थांबायचे. आता लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेचा सल्ला सहा महिन्यांना देण्याचा आहे, म्हणजे चुकून रिकामं राहिलेलं पिल्लू पुढचे सहा महिने उघडं पडत नाही. आपल्या डॉक्टरांकडे वर्षाच्या डोसाची पद्धत असेल तर हे विचारून घ्या.

सोलापुरात या तारखांची अडचण कुठं होते ते बघा. पहिला डोस नेमका गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत येतो. घरी पाहुणे, गर्दी, आणि पोरांना पिल्लू यात्रेत न्यायचं असतं. एका डोसावर पिल्लाला तिथल्या धुळीत सोडू नका, आणि शोभेच्या दारूच्या आवाजाजवळ तर अजिबात नको. शेवटचा डोस मार्चच्या अखेरीला, परीक्षा आणि उन्हाच्या तोंडावर. "ऊन उतरू दे, मग बघू" म्हणत तोच सर्वांत जास्त वेळा राहून जातो.

सेव्हन आणि नाईन हे आकडे डोसांचे नाहीत, लसीत किती घटक आहेत त्याचे आहेत. लेप्टोच्या दोन-चार जाती वेगवेगळ्या मोजल्या की आकडा फुगतो. कंपनीगणिक यादी बदलते, म्हणून आकडा मोठा म्हणजे लस भारी असं नाही. नाईन इन वनमधला करोना हा कुत्र्यांच्या आतड्याचा जुना विषाणू, त्याचा कोविडशी संबंध नाही.

रेबीज आणि लेप्टो: इथं माणसांचाही जीव गुंतलेला आहे

रेबीजची लस बारा आठवड्यांना. ती मेलेल्या विषाणूची असते, म्हणून शरीराला पुन्हा आठवण द्यावी लागते: पहिल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी दुसरा, मग वर्षाने, आणि पुढं लसीच्या लेबलवर लिहिलेल्या मुदतीनुसार, आपल्याकडे दरवर्षी घेण्याचीच पद्धत आहे आणि इथल्या मोकाट कुत्र्यांची संख्या बघता ती मोडू नये. "एवढंसं पिल्लू, त्याला कुठला रेबीज?" हा समज माणसांच्या जिवावर बेततो. दोन महिन्यांच्या पिल्लालाही पिसाळलेला कुत्रा चावू शकतो आणि त्या पिल्लाच्या लाळेतून घरातल्या लेकराला रेबीज होऊ शकतो.

लेप्टो उंदरांच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून येतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो. मार्केट यार्डाच्या बाजूला, धान्याच्या गोदामाजवळ, किंवा पूर्व भागात कारखान्याला लागून घर असेल तर हा घटक टाळू नका. याचे दोन डोस दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लागतात, आणि संरक्षण जेमतेम वर्षभर टिकतं. वार्षिक डोसाची तारीख मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला आणता आली तर पावसाळ्याआधी तयारी होते. पार्वो-डिस्टेंपर-हिपॅटायटिसचं मात्र तसं नाही. सव्वीस आठवड्यांचा डोस झाल्यावर त्या तिघांना दर तीन वर्षांनी एकदा पुरे. दरवर्षी घ्यायचं ते लेप्टो आणि रेबीज.

जंताचं औषध

बहुतेक पिल्लं आईच्या पोटातूनच जंत घेऊन येतात. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिने होईपर्यंत दरमहा. दर वेळी पिल्लाचं वजन करून मात्रा ठरवायची. वजन काट्यावर घ्या. किराणा दुकानाचा काटाही चालतो, पिल्लू पिशवीत ठेवून. मागच्या महिन्याचीच मात्रा दिली तर ती कमी पडते, कारण या वयात वजन झपाट्यानं वाढतं. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या दिसताहेत अशा पिल्लाला लसीच्या आठवडाभर आधी औषध दिलेलं बरं. पण औषध राहिलं म्हणून लसीची तारीख पुढं ढकलू नका.

लसीच्या दिवशी

निघण्याआधी ताप बघा. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं खोबरेल, शेपटी उचलून गुदद्वारात दोन सेंटिमीटर. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक. १०३ च्या वर असेल, पिल्लू मलूल असेल, जेवत नसेल, जुलाब असतील तर त्या दिवशी लस नाही, तपासणी. फक्त नाक कोरडं आहे म्हणून परत फिरू नका, त्याला अर्थ नाही.

मार्चनंतर दवाखान्यात सकाळी लवकर जा. पारा ४०-४२ च्या पुढं असताना दुपारी रिक्षातून आलेलं पिल्लू धापा टाकत असतं, त्याचा ताप खरा की उन्हाचा हेच कळत नाही.

उन्हाचा खरा घाला लसीवर पडतो. ती कारखान्यापासून सिरिंजपर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी. मेडिकलमधून बाटली घ्यायची, शर्टाच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत टाकायची आणि ओळखीच्या माणसाकडून टोचून घ्यायची, ही पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये डिकीत अर्धा तास राहिलेल्या बाटलीवर भरवसा ठेवता येत नाही. बिघडलेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच दिसते. उलट चूकही होते: थंड राहावी म्हणून बाटली थेट बर्फात खुपसतात किंवा फ्रीझरला टेकवून ठेवतात. गोठली की रेबीज आणि लेप्टोची लस कामातून जाते. म्हणून लस डॉक्टरांच्या फ्रिजमधलीच घ्या. तालुक्याच्या गावाहून आणावीच लागली तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, तिच्याभोवती फडकं, आणि मग बाटली.

टेबलावर काय घडतं ते जवळून बघा. दोन छोट्या बाटल्या असतात: एकीत तळाशी चिकटलेली पांढरी वडी, दुसरीत द्रव. द्रव वडीवर सोडून हलक्या हातानं फिरवायचा आणि लगेच भरून टोचायचं. सकाळी कालवून ठेवलेली लस दुपारी चालत नाही, कारण आतला विषाणू मरतो. सुई मानेमागच्या किंवा खांद्यावरच्या सैल कातडीखाली जाते. लांब केसांच्या पॉमेरेनियनमध्ये सुई कातडीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर येऊन लस केसांतच सांडते, असंही होतं. केस ओले लागले तर तिथंच सांगा.

"लहान जातीचं आहे, अर्धाच द्या" असं कधीही म्हणू नका. लस म्हणजे जंताचं औषध नव्हे, ती वजनावर ठरत नाही. चिहुआहुआ असो की कारवान, लेबलवर लिहिलेला पूर्ण डोसच लागतो. एक बाटली दोन पिल्लांत वाटली की दोन्ही अर्धवट राहतात.

टोचून झाल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. तोंड सुजणं, अंगावर गांधी, ओकाऱ्या, हिरड्या पांढऱ्या पडणं किंवा पिल्लू कोसळणं अशी तीव्र प्रतिक्रिया क्वचितच येते, पण आली तर बहुधा या वेळातच, आणि ताबडतोब इंजेक्शन दिलं तर पिल्लू वाचतं. एक-दोन दिवस झोप जास्त, भूक कमी, टोचल्या जागी छोटी गाठ, हे नेहमीचं. ती गाठ चोळू नका. माणसांची पॅरासिटामॉल किंवा कॉम्बिफ्लाम पिल्लाला देऊ नका, त्यांनी यकृत, मूत्रपिंड आणि पोटाला इजा होते.

कार्डावर बाटलीवरचा स्टिकर, बॅच नंबर, मुदत, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. नुसतं पेनने 'डोस झाला' लिहिलेलं कार्ड पुढच्या डॉक्टरांना काहीच सांगत नाही.

दोन डोसांच्या मधल्या काळात

पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने, सावलीत वर्षभरही टिकतो. तो बुटाच्या तळव्याला चिकटून घरात येतो. "ते कुठं बाहेर जातंय, घरातच असतंय की ओ" म्हणणाऱ्यांच्या घरीही पार्वो होतो तो असाच. चपला दाराबाहेर ठेवा. सोळाव्या आठवड्याच्या डोसानंतर दहा-पंधरा दिवस होईपर्यंत पिल्लाला संभाजी तलावाच्या कडेला, बागेत, इतर कुत्री हगतात तिथं जमिनीवर सोडू नका. दवाखान्यातही मांडीवरच ठेवा, फरशीवर नको.

पण कोंडूनही ठेवू नका. तीन ते चौदा आठवडे या काळात पिल्लू जग ओळखायला शिकतं. रिक्षा, कुकरची शिट्टी, लहान मुलं, हेल्मेट घातलेला माणूस. हे सगळं कडेवर घेऊन दाखवता येतं. लसी पूर्ण झालेल्या, निरोगी मोठ्या कुत्र्याशी घरात खेळू द्या.

घरात आधी पार्वोने पिल्लू गेलं असेल तर फिनेलवर विसंबू नका, त्याने हा विषाणू मरत नाही. आधी घाण साबणाने पूर्ण धुवून काढा, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. मग ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी तीस भाग, म्हणजे लिटरला ३० ते ३५ मिली, फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या आणि धुवून टाका. खिडक्या उघड्या हव्यात, आणि यात टॉयलेटचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मेलेल्या पिल्लाची जुनी चादर आणि भांडी नव्याला देऊ नका. मातीचं अंगण असं धुता येत नाही. तिथं नवं पिल्लू सोळाव्या आठवड्याचा डोस झालेलंच आणावं.

तारीख चुकली असेल तर

पार्वो-डिस्टेंपरचा डोस महिना-दीड महिना लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. आज द्या, आणि शेवटचा सोळा आठवड्यांनंतर पडतोय ना हे बघा. पिल्लू आधीच चार महिन्यांच्या पुढं गेलं असेल तर या तिघांसाठी एक डोसही बहुतेक वेळा पुरतो. तरी दोन देतात, कारण लेप्टोला दोन लागतातच. लेप्टोच्या दोन डोसांत सहा आठवड्यांहून जास्त अंतर पडलं तर मात्र ते दोन्ही पुन्हा. सापडलेल्या, कार्ड नसलेल्या पिल्लाला 'काहीच झालेलं नाही' असं धरून चाला. झालेली लस पुन्हा दिल्याने नुकसान होत नाही.

आणि रेबीजची लस व्हायच्या आधीच पिल्लाला रस्त्यावरचं कुत्रं चावलं तर? हातमोजे घालून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काहीही भरू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. चाव्यानंतरच्या इंजेक्शनांचा कोर्स वेगळा असतो, नेहमीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. ज्यांच्या हाताला त्या पिल्लाची लाळ किंवा नखाचा ओरखडा लागला असेल त्यांनी तो भाग तसाच धुवून सिव्हिल किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी जावं आणि लसीचे सगळे डोस ठरल्या तारखांना पूर्ण करावेत. पिल्लू अजून खेळतंय, दिसायला बरं आहे, यावर निर्णय सोडू नये.